चौदावा क्रमांक

कोच ब्रॅनमनी पांढरा लिफाफा नेल्डाच्या टेबलावर ठेवला आणि ते तसेच दाराकडे वळले.

"हे पण तेवढं बघा, नेल्डाबाई. शुक्रवारी दुपारपर्यंत टपालात पडायला हवं म्हणतात."

"काय आहे?"

"ते प्लेऑफचं, बाद फेरीचं. हवं की नको, एका चौकोनात खूण करायची. मी रेडिओवर काय बोललोय ते तुम्हाला माहीत आहेच. पण तुम्हीच काय ते ठरवा. यादी तरी मी कुठे करतो?"

शेवटचं वाक्य त्यांनी आवाज उतरवून म्हटलं, कारण दार उघडं होतं.

अलाबामातल्या टॅलमन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलच्या कचेरीत नेल्डा क्राउडर सव्वीस वर्षं सेक्रेटरी होती. त्यातली चोवीस वर्षं ती एक काम करत आली होती, जे कुठल्याच कागदावर तिच्या नावाने लिहिलेलं नव्हतं. देशात मोठ्या कॉलेजांचे शंभरावर संघ. मोसमात प्रत्येकाच्या वाट्याला अकरा-बारा सामने येतात, म्हणजे सगळे सगळ्यांशी कधीच खेळत नाहीत. मग सगळ्यांत चांगला संघ कोणता, हे ठरवायचं कसं? तर मतं घेऊन. रविवारी सकाळी साठेक कोचांनी आपापली क्रमवारी कळवायची. पहिल्याला सगळ्यांत जास्त गुण, शेवटच्याला एक, सगळ्यांची बेरीज, आणि सोमवारी पेपरात देशाची यादी. आता कोच म्हणजे शनिवारी स्वतःच्या सामन्यात गळ्यापर्यंत बुडालेला माणूस. रविवारी तो कालच्याच सामन्याची फिल्म मागेपुढे करत बसलेला असतो. नेवाडात कोणी कोणाला हरवलं, हे त्याला कुठून ठाऊक असणार? म्हणून बरेच कोच ही यादी हळूच दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालतात. ब्रॅनमनी ती नेल्डाच्या गळ्यात घातली, आणि नेल्डाने ती दागिन्यासारखी वागवली.

रविवारी उजाडताच ती केसांत कर्लर अडकवून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची. पुढ्यात पेपरांची चळत, एक वही, एक पेन्सिल. अकराला चर्च, त्याआधी यादी फोनवरून सांगून मोकळं व्हायचं. लांबच्या गावांचे पेपर ती टपालाने मागवायची, ते तीन-चार दिवस शिळे होऊन यायचे, तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. तो लांबोडका चेंडू तिने जन्मात हातात धरला नव्हता. तिला नाद होता तो एकाच प्रश्नाचा: एखादा संघ चांगला आहे म्हणजे नक्की काय? चिखलात कसा खेळतो? मागे पडला की काय करतो? हे सगळं ती बारीक अक्षरात लिहून ठेवायची. अशा बावीस वह्या भरल्या होत्या आणि तेविसावी चालू होती. लग्न झालं नव्हतं, त्याचं तिला फारसं काही वाटत नसे. रविवारची सकाळ मात्र तिने कुणाला दिली नसती.

आणि आता हा लिफाफा. गेली काही वर्षं मतं आणि संगणक मिळून दोन संघ निवडायचे आणि तेवढेच शेवटचा सामना खेळायचे. आता कोचांच्या संघटनेला विचारायचं होतं की त्याऐवजी बाद फेरी घ्यायची का. चार घ्या, आठ घ्या, मैदानात उतरवा, जो उरेल तो पहिला. तसं झालं की नेल्डाच्या यादीला विचारतो कोण? म्हणजे स्वतःची गरज संपवायची की नाही, यावर स्वतःच मत द्यायचं होतं, तेही दुसऱ्याच्या सहीने. तिला जरा हसू आलं. तिने लिफाफा खणात टाकला.

त्याच सोमवारी मैदानावरचा नवा गुणफलक बसवायला बाहेरगावचा मिस्त्री आला. जाडजूड मानेचा, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेला, चाळिशी ओलांडलेला गडी. जुनी वायरिंग कुठून कुठे गेली आहे त्याचे नकाशे नेल्डाच्या कपाटात होते. तिने ते काढून दिले, आणि उन्हातून आलाय म्हणून गोड थंड चहाचा ग्लासही पुढे केला. ग्लास घेताना त्याच्या बोटातली अंगठी तिला दिसली. ओबडधोबड, आकडा कोरलेली. बारा, शून्य.

"बारा जिंकले, एकही हरला नाही," ती म्हणाली. "कुठलं वर्ष?"

"एकोणनव्वद. तुम्हाला नाही ठाऊक असणार, मॅडम. नेवाडात आहे. लॅरॅबी."

"लॅरॅबी ठाऊक आहे मला," नेल्डा म्हणाली, आणि तो माणूस खुर्चीत नीट बसला.

त्याचं नाव लिओन एचेवेरी. बाप आणि आजा स्पेनकडचे बास्क मेंढपाळ. तो लॅरॅबीच्या संघात मधोमध वाकून उभा राहायचा आणि दोन पायांतून चेंडू मागे द्यायचा. असल्या खेळाडूचं नाव फक्त तो चुकला की पेपरात येतं, असं त्याने हसत सांगितलं. मग नेल्डाने विचारत जायचं आणि त्याने सांगत जायचं असं चाललं. नोव्हेंबरात जांभळे कोट घातलेली दोन माणसं त्यांच्या मैदानावर आली होती. नववर्षाच्या मोठ्या सामन्याची समिती. त्या सामन्यात कॅडवेल स्टेट खेळणार हे पक्कं होतं, म्हणजे देशातला पहिला नंबर. समोर कोण, ते ठरायचं होतं. जांभळे कोटवाले म्हणाले, रविवारच्या यादीत पहिल्या आठांत या, तुम्हालाच बोलावतो.

"मग?"

"नववे आलो. सहा गुण कमी पडले." त्याने ग्लासातला बर्फ हलवला. "माझ्या बापाने शेजाऱ्याला मेंढ्या बघायला सांगितल्या होत्या. पाच दिवसांसाठी. जन्मात पहिल्यांदा तो कळप सोडून कुठे जाणार होता. मग गेलाच नाही. मार्चमध्ये वारला."

नेल्डाने विचारलं, कॅडवेलला हरवलं असतं का?

"तेच तर. आम्ही भारी होतो असं नाही म्हणत मी. चाळीस गुणांनी मार खाल्ला असता कदाचित. पण आम्हाला हरायलासुद्धा मिळालं नाही हो. बावीस वर्षं झाली, गाडी चालवताना अजून डोक्यात तोच सामना खेळतो. राग नाही आता. नुसतं बघायचं होतं."

नुसतं बघायचं होतं. हे वाक्य नेल्डाचंच होतं. चोवीस वर्षं दुसरं काय करत होती ती? पण एकोणनव्वदच्या नोव्हेंबरात काहीतरी चुकलं होतं एवढं तिला आठवत होतं. किती, ते आठवत नव्हतं.

घरी गेल्यावर पर्स खाली ठेवायच्या आधी तिने तिसरी वही काढली. तेव्हा यादी वीस नावांची असायची, पहिल्याला वीस गुण. नोव्हेंबरचा दुसरा रविवार. मागच्या आठवड्यात लॅरॅबी चौथा. या आठवड्यात, तिच्याच अक्षरात, चौदावा.

आणि मग सगळं आठवलं. पश्चिमेकडचे सामने इकडे पेपर छापून झाल्यावर संपायचे. हे तिला पक्कं ठाऊक होतं, तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या रविवारच्या पेपरात लॅरॅबीच्या नावापुढे होतं: चारपैकी तिसऱ्या क्वार्टरअखेर तीन विरुद्ध वीस. रेडिओवर तिकडचा निकाल सांगितला नाही. तिने कोचांच्या घरी फोन केला. त्यांच्या बायकोने सांगितलं, ते फिल्म बघतायत, तुम्हाला वाटेल ते करा म्हणाले. साडेनऊ वाजत आले होते. सतरा गुणांनी मागे पडलेला संघ काय जिंकणार, असं म्हणून तिने पेन्सिल चालवली. सोमवारी कळलं की लॅरॅबीने चोवीस-वीस असा सामना काढला. पुढच्या रविवारी तिने त्यांना वर घेतलं, पण सातवर. एकदम चारवर नेलं असतं तर आधीची चूक उघडी पडली असती. समासात तिने बारीक लिहिलं होतं, चूक. आमंत्रणं तोवर वाटून झाली होती, पण हे तिने तेव्हा जोडून पाहिलंच नव्हतं.

चौथ्याला सतरा गुण, चौदाव्याला सात. तिने बोटांवर मोजलं, मग वहीच्या मागे लिहून मोजलं. दहा. त्यांना हवे होते सहा. अंधारून आलं तरी नेल्डाने दिवा लावला नाही, जेवण केलं नाही. स्वयंपाकघरात ती बराच वेळ नुसती उभी राहिली आणि तिला स्वतःची लाज वाटली.

बुधवारी चर्चच्या जेवणात तिने थोरली बहीण मॉझेलला सहज म्हणून विचारलं, बाद फेरीबद्दल काय वाटतं. मॉझेलचं मत तयारच होतं. तिचं मत कशावरही तयार असे. खेळूनच सगळं ठरायला लागलं तर पुढचे आठ महिने माणसांनी बोलायचं काय, असं तिचं म्हणणं. तिचा नवरा आणि दीर एका सामन्यावरून तीस वर्षं भांडत होते, तो सामना कधी झालाच नाही म्हणून तर ते अजून एकमेकांच्या घरी येत-जात होते. आत्ता वर्षाअखेर आमंत्रणाचे इतके सामने होतात की तीस-पस्तीस संघ आपापला सामना जिंकून हसत घरी जातात. बाद फेरीत हसणार एकच, बाकी सगळे रडत. कोच ब्रॅनमही रेडिओवर हेच बोलले होते. नेल्डाला यातलं काही खोटं वाटलं नाही. केळ्याचं पुडिंग तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि तसंच ठेवलं.

"तुझं काय म्हणणं?" मॉझेलने विचारलं. "तुला बाई कधी मतच नसतं."

नेल्डा बश्या गोळा करायला लागली. बहिणीलासुद्धा तिने यादीचं कधी सांगितलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी तिने लिफाफा उघडला, 'हवं' या शब्दापुढच्या चौकोनात खूण केली आणि कागद कोचांपुढे नेऊन ठेवला. ब्रॅनमनी नेहमीप्रमाणे न बघता पेन काढलं.

"वाचा," नेल्डा म्हणाली.

त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

"नेल्डाबाई, अख्ख्या अलाबामाला माहीत आहे मी नको म्हणतोय ते."

मग नेल्डाने तिसरी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फलकाचा मिस्त्री, जांभळे कोट, मेंढ्या, सहा गुण, दहा गुण. ब्रॅनम ऐकत होते. म्हातारा माणूस, गुडघे गेलेले, पण ऐकायची वेळ आली की खरोखर ऐकायचे.

"कुणाला कळणारे आता?" ते शेवटी म्हणाले. "साठ जण होते मत देणारे. तुमच्या एकटीमुळे झालं असं कशाला धरून बसता?"

"बाकीच्यांचं मला ठाऊक नाही. माझे दहा गेले."

कोचांनी वहीतल्या त्या पानावर बोट ठेवलं आणि तारीख वाचली.

"त्या रविवारी फोन मी नाही घेतला. हो ना?"

"तुम्ही फिल्म बघत होतात."

"हं."

बाहेर पोरं सरावासाठी उतरत होती, शिट्टी वाजत होती. ब्रॅनम उठून खिडकीशी गेले नाहीत, एरवी गेले असते.

"पटत नसेल तर खोडा तुम्ही," नेल्डा म्हणाली. "मत तुमचं आहे. पण मग या रविवारची यादी तुम्ही करा. पंचवीस नावं. पेपर मी आणून देते."

ब्रॅनमनी खरंच पेन्सिल उचलली. कोऱ्या कागदावर एक ते चार आकडे घातले आणि पुढे नावं लिहिली. पाचावर थांबले. कपाळ खाजवलं. मग स्वतःच्याच संघाचं नाव लिहायला घेतलं आणि नेल्डाच्या चेहऱ्याकडे बघून खोडलं.

"कसं करता हो तुम्ही हे?" त्यांनी विचारलं. चोवीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला होता.

"बघते," नेल्डा म्हणाली. "पण सगळं दिसत नाही, कोच. वाटतं दिसतंय म्हणून."

ब्रॅनमनी पेन्सिल ठेवली, पेन घेतलं आणि 'हवं'खाली सही केली. सही झाल्यावर म्हणाले, रेडिओवाले आता माझी सालटी काढतील. आणि कागद घडी करता करता, तिच्याकडे न बघता, "हे झालं तर रविवारी काय करणार तुम्ही?"

"झोपेन," ती म्हणाली. मग बाथरूममध्ये जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं, कारण झोपणार नाही हे तिला माहीत होतं, आणि दुसरं काय करणार ते माहीत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी पत्र टपालात पडलं. दुपारी वही पर्समध्ये घालून ती मैदानावर गेली. चांगले बूट घालून हिरवळीवर कुणी चालायचं नाही हा नियम तिनेच टाइप केलेला होता, तरी ती सरळ मधून चालत गेली. फलक उभा राहिला होता. लिओन खाली एका पेटीपुढे बसून तारा जोडत होता.

नेल्डाने आडवळण घेतलं नाही. कोचांची यादी मी करते, ती म्हणाली. तेव्हाही मीच करत होते. त्या रविवारी मी तुम्हाला चौदावं लावलं. पेपरात तीन-वीस होतं, मी पुढचं धरून चालले. तुमचे दहा गुण त्यात गेले. आणि तिने वही पुढे केली.

लिओनने हात पँटला पुसून वही घेतली. नेल्डाला वाटलं, आता हा काय बोलेल ते ऐकून घ्यायचं, मध्ये बोलायचं नाही.

"दहा गुण," तो म्हणाला.

"हो."

"माझा बाप नवीन टोपी घेऊन बसला होता हो." मग त्याचं बोट आधीच्या पानावर गेलं. "इथे चौथे आहोत आम्ही."

"आदल्या आठवड्यात. हो."

"चौथे? अलाबामातून?" त्याने मान वर केली. "मिसिसिपी नदीच्या अलीकडे, पूर्वेला, आमचं नाव कुणाच्या गावीही नाही असं वाटायचं आम्हाला. का लावलंत चौथे?"

"खाली लिहिलंय."

अक्षर बारीक होतं. त्याने वही लांब धरली, मग जवळ. लॅरॅबी: वाऱ्यात चांगले खेळतात. मागे पडले की घाबरत नाहीत. नऊ सामने झाले, मधल्याने मागे दिलेला एकही चेंडू निसटलेला नाही.

ती ओळ त्याने दोनदा वाचली असावी, कारण पान उलटायला त्याला वेळ लागला. मग त्याने टोपी काढली, डोकं पुसलं आणि टोपी परत घातली.

"त्या शनिवारी दहा झाले," तो म्हणाला. "आणि मोसमाअखेर बारा. बारा सामने."

"मग मी दुरुस्त करते," नेल्डा म्हणाली, आणि तिने पर्समधून पेन्सिल काढून नऊचे बारा केले.

"तुम्ही एवढं बघता. तुम्हीच सांगा," लिओन म्हणाला. "कॅडवेल आणि आम्ही. काय झालं असतं?"

नेल्डाने खरंच विचार केला. कॅडवेलची बचावफळी तिला आठवत होती, त्यांचा तो लंगडत चेंडू फेकणारा क्वार्टरबॅकही. चोवीस वर्षं असल्या प्रश्नाला तिने कधी उत्तर दिलं नाही असं झालं नव्हतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

लिओनने मान हलवली. त्याला ते पटलेलं दिसलं. पेटीचं झाकण उघडून त्याने खटका वर केला, आणि रिकाम्या मैदानाच्या टोकाला फलक एकदम उजळला. यजमान शून्य, पाहुणे शून्य. पहिला क्वार्टर. घड्याळात पंधरा मिनिटं पुरी. घड्याळ चालू करून बघायचं तेवढं राहिलं होतं, पण ते त्याने लगेच केलं नाही. दोघं गवतात उभे राहून वर बघत राहिले.